रिकाम्या स्लॉटमधली सुपारी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये भांडण नको. या सदरातले अनुभव मी दुपारी जेवताना वाचते, तोंडी लावायला. पिंपळावरची बाई, मागून येणारी पावलं, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचते आणि मनात म्हणते, "बरं, मग?" माझ्या दुकानाला लिंबू-मिरची लागत नाही. दर शनिवारी ती घेऊन येणाऱ्या माणसाला मी एकदा ऐकवलं होतं की बाबा रे, माझ्याकडच्या व्हायरसला अँटीव्हायरस लागतो. तो बिचारा नमस्कार करून गेला, पुन्हा आला नाही.

तर अशी मी आज इथे लिहायला बसले आहे. नवरा मागे उभा राहून हसतोय. हसू दे.

माझं दुकान अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून एक गल्ली आत. कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर यांची दुरुस्ती. दुकान टाकण्याआधी बरीच वर्षं मी बदलापूरच्या एका क्लासमध्ये हार्डवेअर शिकवत होते. तिथे माझं एक लेक्चर ठरलेलं असायचं - बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीनच्या पोटात काय काय होतं. त्यातला रॅमचा, म्हणजे चालू कामाचं सामान ठेवायच्या जागेचा भाग इथे थोडक्यात सांगते, कारण तो कळला नाही तर पुढचं सगळं तुम्हाला फालतू वाटेल.

बटण दाबलं की विंडोज लगेच उठत नाही. आधी उठतो बायोस. हा मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसलेला छोटासा प्रोग्राम. तो रॅमच्या प्रत्येक स्लॉटला, म्हणजे पट्टी बसवायच्या खाचेला विचारतो, "कोण आहे?" रॅमच्या पट्टीवर एक बारीकशी चिप असते, ती आपलं नावगाव सांगते - मी अमक्या जातीची, माझ्यात एवढी जागा. कोणी उत्तर दिलं नाही तर तो स्लॉट रिकामा. मग बायोस एक नकाशा तयार करतो - इथून इथपर्यंत जागा वापरायची, हा तुकडा राखीव, इकडे हात लावायचा नाही. विंडोज उठते ती हा नकाशा मागते आणि मुकाट्याने त्यावर विश्वास ठेवते. स्वतः मोजत बसत नाही. पूर्वीच्या काळी काही सिस्टीम स्वतः मोजायच्या... जागेवर काहीतरी लिहायचं, परत वाचायचं, तेच आलं तर जागा आहे असं समजायचं. पण त्यात भलतीकडे हात पडायचा आणि मशीन अडकायचं. मी वर्गात सांगायचे, नव्या सुनेने डबे स्वतः उचकू नयेत, सासूला विचारावं. पोरं हसायची, पण परीक्षेत बरोबर लिहायची.

आता मुद्दा. बायोसने नकाशात चुकून खोटी जागा दाखवली समजा, तर विंडोज तिथे सामान ठेवायला जाणार आणि तोंडावर आपटणार. निळा स्क्रीन, खेळ खलास. नसलेल्या जागेवर ठेवलेलं सामान परत मिळत नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

नितेश हा माझा त्या क्लासमधला विद्यार्थी. खरवईचा, आगरी घरातला. त्याची आई, मी तिला काकी म्हणते, ही धवलारीण. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी - आगऱ्यांच्या लग्नात जुन्या पद्धतीने सगळे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. देवांना आणि पितरांना नाव घेऊन आवतण देण्यापासून हळद लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा वेगळा धवला. तो कुठे लिहिलेला नसतो, तिच्या तोंडात असतो. खरवई, कुळगाव आणि आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं काकीने लावली. आवाज असा की मांडवात माईक लागायचा नाही.

गेल्या वर्षी काकीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ती घोगऱ्या कुजबुजीत, आणि गाणं तर सोडाच.

आणि यंदा तिच्या धाकट्या लेकीचं, प्रणालीचं लग्न ठरलं.

अख्ख्या गावाच्या पोरींना हळद लावून दिली आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी तोंडातून सूर निघत नाही... काकी याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. पण नितेश म्हणाला, "ताई, आई जेवायला बसते आणि ताटाकडं बघत राहते." दुसऱ्या गावची धवलारीण बोलवायचं चाललं होतं, काकीने मान हलवून नको म्हटलं. घराण्याचे धवले वेगळे, चाल वेगळी.

तेव्हा नितेशला आठवलं. कॉलेजात असताना त्याला हळदीच्या गाण्यांचा अल्बम काढायचा नाद लागला होता. तेव्हा त्याने घरच्या कॉम्प्युटरवर माईक लावून आईकडून सगळे धवले ओळीने गाऊन घेतले होते. मागे टाळ्या आणि झील धरायला शेजारच्या बाया. अल्बम निघाला नाही, कॉम्प्युटर माळ्यावर गेला. तो त्याने उतरवला आणि रिक्षात घालून माझ्याकडे आणला.

मशीन चालू झालं, हे पहिलं नशीब. पण रेकॉर्डिंग ज्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं ते त्याच मदरबोर्डला आणि त्याच डिस्कला बांधलेलं. बनवणारे केव्हाच दुकान बंद करून गेलेले. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की उघडतच नाही. म्हणजे जे करायचं ते इथेच करायचं... प्रोजेक्ट उघडायचं आणि गाणी साध्या ऑडिओत बाहेर काढायची. त्याला लागते दोन जीबी रॅम. मशीनमध्ये एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या होत्याही. पण बायोस मोजायचा एकच.

पट्ट्या काढल्या, रबराने पुसल्या, अदलाबदल केली. दोन्ही पट्ट्या धडधाकट. मेला होता तो दुसरा स्लॉट. बोर्ड घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जेठानंदभाईंकडे गेले. जुन्या बोर्डांची नाडीपरीक्षा करावी तर त्यांनीच. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि बोर्ड परत माझ्या हातात दिला.

"बहनजी, अंदर की लाइन जल गई है. इसमें रॅम डालो या बिस्किट डालो, एक ही बात."

एका जीबीवर प्रोजेक्ट अर्धवट उघडून बंद पडायचं. डिस्कवर तात्पुरती जागा काढून द्यायची एक युक्ती असते, तीही केली. पण डिस्क म्हातारी झालेली, कर्र कर्र करून अडकायची. तिची नक्कल काढून घेतली, तर नकलेवर सॉफ्टवेअर मला ओळखच देईना. खरं सांगायचं तर ती डिस्क आज आहे, उद्या नाही अशा अवस्थेत होती.

हळद रविवारी. गुरुवारी दुपारी मी नितेशला फोन केला की ये, मशीन घेऊन जा, माझ्याच्याने होत नाही. हे वाक्य मी फार क्वचित बोलते.

नितेश आला तो काकीला घेऊन. दोघं अंबरनाथच्या नातेवाइकांकडे लग्नाचं आवतण द्यायला निघाले होते. काकी नऊवारी सावरत प्लास्टिकच्या स्टुलावर बसली, मांडीवर कापडी पिशवी. मी कॅबिनेट आडवं टाकून उघडं ठेवलं होतं. एक पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, दुसरी काढून टेबलावर. काकी वाकून आत बघत राहिली.

"यो काय करतंय चालू झाल्यावं?" तिने कुजबुजत विचारलं.

मला काय, लेक्चर पाठच. मी सांगितलं - आधी बायोस उठतो, प्रत्येक जागेवर विचारतो कोण आलंय, ज्यांनी ओ दिली त्यांची मोजणी करतो, आणि मग विंडोज त्याच्या शब्दावर कामाला लागते.

काकीचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी आमच्यावानीच. आदी आवतान, मंग लगीन."

"तसंच समजा."

"न ही जागा?" तिने मेलेल्या स्लॉटवर बोट ठेवलं.

"ती रिकामी आहे काकी. तिथे पट्टी बसवली तरी ती उत्तर देत नाही."

"रिकामी कनाला ठेवलीस? जागा रिकामी ठेवत नाय." असं म्हणून तिने पिशवीत हात घातला आणि सुपारी काढली. आवतणाच्या हळद-तांदळातली, पिवळीधमक. "मानूस नसला त सुपारी ठेवायची. बायको नसली त पुरुस कंबरंला सुपारी लावून पूजंला बसतंय ना?"

मी जवळजवळ ओरडले, "काकी, हळद नको आत! शॉर्ट होईल!"

नितेश ओशाळला. "आई, र्‍हावदे ना. ताईंचं मशीन हाय."

पण काकीने सुपारी पदराने पुसली. चांगली घासून घासून, सगळी हळद निघेपर्यंत. आणि माझ्याकडे बघितलं. गळा गेलेल्या बाईशी काय वाद घालायचा? सुपारीतून करंट जात नाही, स्लॉट मेलेलाच आहे, होऊन होऊन काय होणार. म्हटलं, ठेवा. तिने ती स्लॉटच्या दोन क्लिपांच्या मधे अलगद टेकवली आणि ओठ हलवले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"आता कर चालू," ती म्हणाली.

नितेशने गंमत म्हणून मोबाइल काढला. एका हातात टेबलावरची दुसरी पट्टी धरली आणि घरच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढायच्या तयारीत उभा राहिला. मी बटण दाबलं.

काळा स्क्रीन. पांढरी अक्षरं. मेमरीचा आकडा पळत पळत एक हजार चोवीसवर, म्हणजे एका जीबीवर आला... थांबला नाही. पुढे गेला आणि दोन हजार अठ्ठेचाळीसला थांबला.

मला वाटलं चष्मा. चष्मा पुसला. आकडा तोच.

"ताई, दोन आली ना?" नितेश म्हणाला. मी त्याच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं, मग कॅबिनेटमध्ये बघितलं. पहिल्या स्लॉटमध्ये पट्टी. दुसऱ्यात सुपारी.

विंडोज उठली. मी सिस्टीमची माहिती उघडली. दोन जीबी. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला स्वतःचाच राग आला. म्हटलं, काही नाही, बायोसला जुनी आठवण राहिली असेल, खोटा नकाशा दिला असेल. विंडोज भोळी, तिने मानला. आता ती तिथे सामान ठेवायला जाईल आणि आपटेल. माझी सगळी विद्या सांगत होती की मशीन ताबडतोब बंद करावं, रॅमची तपासणी लावावी आणि खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रोजेक्ट उघडताना मधेच कोसळलं तर ती म्हातारी डिस्क पुन्हा उठेलच असं नव्हतं, आणि मग धवले कायमचे गेले. माझा हात बटणाकडे गेला.

काकीने माझं मनगट धरलं. तिचा हात गरम होता.

"उठवू नको. पंगतीत बसलेल्याला उठवत नाय, बाय."

मी नितेशकडे बघितलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही सांगाल तसं." म्हणजे जबाबदारी माझ्यावरच. मी आयुष्यात तपासल्याशिवाय काही मानलेलं नाही. नवऱ्याने भाजीत मीठ घातलं म्हटलं तरी मी चाखून बघते. पण काकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि बटणावरचा हात काढून माऊसवर ठेवला.

प्रोजेक्ट उघडायला लागलं. एका बाजूला मी टास्क मॅनेजर लावून ठेवला होता, किती रॅम खर्च होतेय ते दाखवणारा. आलेख चढत गेला. एक जीबीच्या रेघेपाशी आला. तिथपर्यंत खरी जागा, तिच्या पुढे फक्त सुपारी.

रेघ ओलांडली. चढतच गेला. डिस्कची कर्रकर्र नाही, निळा स्क्रीन नाही. प्रोजेक्ट उघडलं, सगळे ट्रॅक रंगीत पट्ट्यांसारखे पसरले. मी एकेक गाणं बाहेर काढायला लावलं. पूर्ण दुपार गेली. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी "उद्या या" म्हणून पिटाळलं. नितेशने चहा आणला, तो गार झाला. प्रत्येक गाणं निघालं की मी नुसती सुरुवात वाजवून बघायचे आणि पुढच्याला हात घालायचे, वेळ कुठे होता. काकी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिचा जुना आवाज स्पीकरमधून यायचा, भरदार, मोकळा, आणि ती बोटाने मांडीवर ठेका धरायची. शेवटचं गाणं निघालं. मी सगळं दोन पेनड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर उतरवलं आणि मग मशीन बंद केलं.

आता माझी पाळी. मी म्हटलं, "काकी, पंगत उठली ना? आता तपासू द्या." तिने हसून मान हलवली.

मशीन पुन्हा चालू केलं. सुपारी जागच्या जागी होती. आकडा आला एक हजार चोवीस आणि तिथेच थांबला. पुन्हा केलं. तेच. सुपारी काढून, ठेवून, उलटी करून, दुसरी सुपारी लावून... हसू नका, मी हे सगळं केलं. एकच जीबी. काही वेळाने डिस्कने मान टाकली, ती टाकलीच.

नितेशच्या फोटोत सगळं आहे. स्क्रीनवर दोन हजार अठ्ठेचाळीस, त्याच्या हातात पट्टी, खाली उघडं कॅबिनेट. नवरा म्हणतो जुना बोर्ड, लूज कॉन्टॅक्ट. अरे पण कॉन्टॅक्ट कोणाशी? सुपारीशी? खोटा आकडा मी समजू शकते, तो बायोस कधी कधी देतो. पण त्या खोट्या जागेवर काकीचा आवाज ठेवला गेला आणि जसाच्या तसा परत मिळाला, याचं काय करू? जेठानंदभाईंना फोटो दाखवला, तर ते बराच वेळ झूम करून बघत बसले. मग म्हणाले, "बहनजी, काम हुआ ना? तो फिर काहे को बोर्ड के पीछे पडी हो?" आणि मलाच चहा पाजला.

रविवारी मी आणि नवरा हळदीला खरवईला गेलो. मांडव, आंब्याची पानं, पिवळ्या साड्यांची गर्दी. तीन दिवसांत घरातल्या मुलींनी ऐकून ऐकून बरेच धवले तोंडपाठ केले होते. स्पीकरमधून काकीचा आवाज आणि त्याच्यावर या मुलींची झील असं चाललं होतं. काकी पाटाशेजारी बसून हाताने खुणा करत सगळं चालवत होती. कुठे कोणी चुकलं की डोळे वटारायची. मला फार बरं वाटत होतं, खूप दिवसांनी असं वाटलं.

मग प्रणालीला पाटावर बसवलं आणि हळद लावायचा धवला लागला. या धवल्यात नवरीचं नाव येतं. मुलींनी ठरवलं होतं की तेवढ्यापुरता स्पीकर बारीक करायचा आणि नाव आपण म्हणायचं, कारण हा एक धवला काकीने पाटाआधी वाजवू दिला नव्हता, रेकॉर्डिंगमध्ये कोणाचं नाव असेल कोण जाणे. नितेश बटणापाशी उभा होता. पण त्याला जरा उशीर झाला.

"प्रणाली बाय माजी पाटावं बसली..."

स्पीकरमधून काकीच गात होती, तिचा तेव्हाचा आवाज. नितेशने बटणावरचा हात मागे घेतला. मला नंतर त्याने सांगितलं... रेकॉर्डिंगच्या वेळी नावाच्या जागी काय म्हणू असं आईने विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, कोणाचंही घाल. तेव्हा प्रणाली छोटी होती, माईकच्या वायरशी खेळत तिथेच बसलेली असायची. तो हे पार विसरून गेला होता.

काकी विसरली नव्हती. तिने बोटं हळदीत बुडवली, लेकीच्या गालाला लावली, आणि स्पीकरबरोबर ओठ हलवू लागली. शब्द एकही चुकला नाही. प्रणाली रडत होती आणि हसत होती, आणि माझ्या शेजारी बसलेला माझा तर्कटी नवरा नाक पुसत होता.

हार्डवेअर कळणारं कोणी हे वाचत असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही. मला अजूनही काही कळलेलं नाही. फक्त एवढं खरं, की त्या दुपारी बटणावरचा हात काढला म्हणून एका आईला आपल्या लेकीच्या हळदीला गाता आलं, आणि ते मी मांडवात बसून ऐकलं.